दारू सोडल्यानंतर तलफ जागवणाऱ्या जागा कशा हाताळाव्यात

व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे राहिलेला माणूस तिथे असताना बहुधा मनापासून सांगतो की, आता दारूची आठवणही येत नाही. तो खोटे बोलत नसतो. पुढे घरी परतल्यावर पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी नेहमीच्या खुर्चीत बसताच त्याच्या घशाला कोरड पडते, हात अस्वस्थ होतात, मनात एकच विचार घोळू लागतो, आणि काही वेळा त्याच रात्री बाटली घरात येते. घरच्यांना वाटते की केंद्रातले सगळे बोलणे नाटक होते आणि त्या माणसाला वाटते की आपल्यात निश्चयच नाही. दोघांचेही निदान चुकते. केंद्रात तलफ आली नाही याचे एक मोठे कारण असे की, ती जिच्याशी जखडलेली होती ती खुर्ची, ती वेळ, तो उजेड आणि ती माणसे तिथे नव्हती. त्यामुळे दारू सोडण्याची तयारी करताना मनाइतकीच जागेचीही तयारी करावी लागते.

त्याआधी एक सावधगिरी आवश्यक आहे. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी तीव्र थरथर, ताप, भास आणि संभ्रम अशी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. म्हणून सुरुवातीचे हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. पुढचे सर्व विवेचन तो टप्पा सुखरूप पार पडल्यानंतरचे आहे.

मेंदू जागा कशी लक्षात ठेवतो

अन्न समोर येण्याआधीच, ते येणार असल्याची खूण मिळताच पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना लाळ सुटत असे, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. या खुणेच्या वेळी मेंदूत नेमके काय घडते हे समजायला मात्र पुढे अनेक दशके गेली. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या मेंदूतील चेतापेशी जोरात सक्रिय होतात. पण रसाआधी प्रत्येक वेळी ठरावीक खूण मिळत गेली, तर काही काळाने त्या पेशी रस मिळाल्यावर सक्रिय न होता खूण मिळताच सक्रिय होतात. खूण मिळूनही रस आला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी या पेशींची क्रिया नेहमीच्या पातळीपेक्षाही खाली जाते. पिणाऱ्याच्या आयुष्यात ग्लासवर बर्फ आपटल्याचा आवाज, कामावरून सुटण्याची वेळ किंवा ठरावीक मित्राचा फोन ही ती खूण असते. खूण मिळाली आणि दारू आली नाही, तर जाणवणारी रिकामी, चिडचिडी बेचैनी पुष्कळशी याच अपेक्षाभंगातून येत असावी.

हे सारे नशा चढण्याच्या आधी घडते, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ पुरुषांच्या तोंडात त्यांच्या आवडीच्या बिअरचे फवारे अगदी थोड्या प्रमाणात, म्हणजे १५ मिनिटांत सुमारे १५ मिलिलिटर, देण्यात आले. एवढ्याने कोणालाही नशा चढणे शक्य नव्हते, तरीही केवळ चवीने मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील डोपामाइन वाढले, आणि ज्यांच्या कुटुंबात दारूचे व्यसन होते त्यांच्यात ही वाढ अधिक होती. मद्यार्क नसलेली किंवा नावापुरताच असलेली बिअर सोडण्याच्या काळात ‘निरुपद्रवी पर्याय’ म्हणून घ्यावी की नाही, असे लोक विचारतात. निदान पहिल्या काही महिन्यांत तरी ती घेऊ नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण हेच आहे. चव, वास आणि बाटलीचा आकार मिळून खुणेचे काम पुरेपूर बजावतात.

खुणा एकेकट्याही शिकल्या जातात आणि एकत्रही. विशिष्ट वस्तूला चिकटलेले महत्त्व मुख्यतः अमिग्डाला हा भाग सांभाळतो, तर खोली, वेळ आणि माणसे मिळून होणारे संपूर्ण चित्र हिप्पोकॅम्पस जपतो. या दोहोंचे संदेश बक्षिसाशी संबंधित असलेल्या न्यूक्लिअस अॅकम्बन्स या केंद्राकडे जातात. पिणे वर्षानुवर्षे चालू राहिले की स्ट्रायटमचा वरचा भाग ती कृती सवयीच्या खात्यात जमा करतो, आणि मग फ्रिजकडे पाऊल वळल्यानंतर माणसाला ते वळल्याचे कळते. थांबवण्याचे काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचे आहे, आणि थकवा, अपुरी झोप व ताण यांमुळे नेमका तोच भाग ढिला पडतो.

शरीरही जागा ओळखते. शेपर्ड सीगल यांनी दाखवून दिले की, नेहमीच्या जागी अमली पदार्थ मिळण्याच्या अपेक्षेनेच शरीर त्याच्या परिणामाच्या उलट दिशेने स्वतःला सावरून घेते. दारू मज्जासंस्थेला मंद करते, म्हणून तिच्या अपेक्षेत शरीर आधीच उत्तेजित होऊ शकते. दारू आलीच नाही, तर ही उत्तेजना छातीची धडधड, घाम आणि अस्वस्थता या रूपांत मागे उरते. अब्राहम विकलर यांनी १९४० च्या दशकातच असे नोंदवले होते की, अफूजन्य पदार्थ सोडून बराच काळ लोटलेल्या माणसांत केवळ त्या विषयावरच्या गप्पांनी जांभया आणि डोळ्यांतून पाणी अशी ते पदार्थ नुकतेच तुटल्याची लक्षणे दिसू लागत. म्हणून महिन्यांनंतर एखाद्या जागी गेल्यावर अंग थरथरले, तर ‘अजून विष उतरले नाही’ अशा समजुतीने घाबरून जाऊ नये.

टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने आणखी एक कोडे उलगडते. त्यांच्या मते हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढत नाही. ‘पिताना काहीच मजा आली नाही, तरी प्यायलो,’ असे सांगणाऱ्याला घरचे लोक लबाड समजतात. तो बहुधा खरे सांगत असतो.

शिकलेले पुसले जात नाही

खूण मिळत राहिली आणि दारू मिळाली नाही, तर तलफ हळूहळू विझते. मार्क बाउटन यांनी अनेक दशकांच्या प्रयोगांतून दाखवले की, हे विझणे म्हणजे जुने शिक्षण पुसणे नव्हे, तर त्यावर नवे शिक्षण चढणे होय. आणि नवे शिक्षण जुन्यापेक्षा जागेवर फार अधिक अवलंबून असते. उंदराला एका पेटीत कळ दाबून दारू मिळवायला शिकवले, मग वेगळ्या वासाच्या आणि वेगळ्या जमिनीच्या दुसऱ्या पेटीत कळ दाबूनही काही मिळू दिले नाही, तर तो दाबणे सोडतो. त्याला पहिल्या पेटीत परत ठेवले की तो पुन्हा कळ दाबू लागतो. केंद्र ही दुसरी पेटी आहे आणि घर ही पहिली.

याची उलट बाजू व्हिएतनाम युद्धानंतर दिसली. ली रॉबिन्स यांच्या पाहणीत असे आढळले की, तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले सुमारे ५ टक्केच होते. हेरॉइनची उपलब्धता कमी होणे, युद्धाचा ताण संपणे अशी इतरही कारणे त्यात होती, त्यामुळे सगळे श्रेय जागेला देता येणार नाही. पण सैनिक व्यसनाची जागा मागे ठेवून आले होते, आणि दारू सोडणारा माणूस उपचारानंतर बहुधा व्यसनाच्या जागेतच परततो, हा फरक नजरेआड करून चालणार नाही.

आधी नोंद, मग बदल

आपल्याला तलफ कशाने येते हे आपल्याला माहीत आहे असे प्रत्येकाला वाटते. ताण, एकटेपणा, वाईट संगत अशी ठोकळेबाज उत्तरे तयार असतात आणि त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, कारण ‘ताण’ घरातून उचलून बाहेर ठेवता येत नाही. म्हणून निदान दोन आठवडे एक छोटी वही खिशात ठेवावी. तलफ आली की वेळ, नेमकी जागा, सोबत कोण होते, लगेच आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडले आणि शून्य ते दहा या मापाने तीव्रता किती होती, हे लिहावे. ती ओसरल्यावर ओसरल्याची वेळही टिपावी.

यातला सर्वांत मोलाचा रकाना आधीच्या दहा-पंधरा मिनिटांचा असतो. समजा एखाद्याने लिहिले: ‘सायंकाळी पावणेसात, स्वयंपाकघर, एकटा, तीव्रता आठ.’ एवढ्यावरून काहीच हाती लागत नाही. पण त्याआधी तो घरात आला, चाव्या टेबलावर टाकल्या, बूट काढले, मुख्य दिवा न लावता कोपऱ्यातला छोटा दिवा लावला आणि पाण्यासाठी ज्या कपाटातून ग्लास काढला त्याच कपाटात पूर्वी बाटली असायची, हे लिहिले की साखळी दिसू लागते. तलफ आठवर पोहोचेपर्यंत तिच्याशी झुंजणे कठीण असते. साखळीची दुसरी-तिसरी कडी बदलणे त्या मानाने पुष्कळ सोपे जाते.

सुखद प्रसंगही लिहावेत. पगाराचा दिवस, सामना जिंकणे, काम फत्ते होणे यांच्याशी दारू तितकीच घट्ट जोडलेली असते, आणि दुःखाची तयारी केलेला माणूस आनंदात गाफील सापडतो.

घर

माणूस केंद्रात किंवा रुग्णालयात असेल, तर तो परतण्याच्या आधीच घर बदललेले असावे. बाटल्या काढल्या जातातच. पण रिकाम्या बाटल्या, ठरावीक ग्लास, ओपनर, बर्फाचे भांडे, दारूच्या नावाची चित्रे असलेले कोस्टर आणि भेट मिळालेले खोके तसेच राहतात. ‘सुंदर ग्लास आहेत, पाहुण्यांना होतील’ हा युक्तिवाद ऐकू नये. ते देऊन टाकावेत. पिण्याची खुर्ची दुसऱ्या खोलीत हलवावी, आणि तिच्या जागी वेगळ्या कामाची वस्तू ठेवावी. नुसती रिकामी जागा ठेवली तर तीही खूण ठरते. खोलीची मांडणी फिरवावी, त्या वेळी जो दिवा लागत असे त्याऐवजी दुसरा लावावा, आणि कपाटांतील वस्तूंच्या जागा बदलाव्यात, म्हणजे हात सवयीने जिथे जातो तिथे वेगळेच काही सापडेल. हे बदल पोरकट वाटतात, याची मला कल्पना आहे. पण हिप्पोकॅम्पसला पोरकटपणाशी काही देणेघेणे नसते, त्याला चित्र जुळते की नाही एवढेच कळते.

घरात दुसरे कोणी पीत असेल, तर प्रश्न नाजूक होतो. ‘मी माझे पितो, त्याने स्वतःला आवरावे’ असे म्हणणाऱ्याला इतके तरी सांगता येते की, पहिल्या काही महिन्यांत त्याने घरात दारू ठेवू नये आणि तोंडाला दारूचा वास येत असताना घरी येऊ नये. वास ही खूण डोळे मिटूनही टाळता येत नाही.

मोबाइल हाही आता घराचाच एक कोपरा आहे. घरपोच दारू मिळवून देणारी ॲप, दुकानदाराचा नंबर, पार्ट्यांचे फोटो आणि ज्या ग्रुपमध्ये संध्याकाळी ‘बसायचे का?’ असा संदेश येतो तो ग्रुप, हे सगळे एकाच बैठकीत आणि शक्यतो कोणाच्या तरी समोर बसून काढून टाकावे.

वस्तू हलवता येतात, वेळ हलवता येत नाही. तिच्यात दुसरे काहीतरी भरावे लागते. पिण्याची वेळ सात असेल, तर साडेसहापासून साडेआठपर्यंतचे वेळापत्रक आदल्या दिवशीच ठरलेले असावे, आणि त्यात शक्यतो घराबाहेरचे, दुसऱ्या माणसाशी बांधलेले आणि हात गुंतवणारे काम असावे. टीव्ही यासाठी कुचकामी आहे, कारण बहुतेकांनी त्याच्यासमोर बसूनच प्यायलेली असते. जेवण लवकर उरकावे. भुकेने चिडचिड वाढते आणि पोट भरले की तलफेची धार अनेकांची बोथट होते.

रस्ता आणि माणसे

कामावरून परतण्याचा रस्ता दुकानासमोरून जात असेल, तर दहा मिनिटे जास्त लागली तरी दुसऱ्या रस्त्याने यावे. जवळ रोख रक्कम कमी बाळगावी. जुन्या सोबत्यांना टाळण्याचा सल्ला सगळेच देतात, पण अचानक समोर आल्यावर काय बोलायचे हे कोणी सांगत नाही, आणि माणूस त्या चार सेकंदांतच हरतो. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून असे दिसते की, ‘मी पिणार नाही’ अशा सर्वसाधारण संकल्पापेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ अशी नेमकी जोडी आधी ठरवलेली असेल, तर ती कृती प्रत्यक्षात होण्याची शक्यता वाढते. याचे कारण उघड आहे: खुणेला जुने उत्तर जोडलेले असते, आणि अशी जोडी त्याच खुणेला नवे उत्तर जोडून ठेवते.

म्हणून वाक्य लिहून, मोठ्याने म्हणून ठेवावे. ‘कोणी ग्लास पुढे केला, तर मी “डॉक्टरांनी बंद केली आहे” एवढेच म्हणेन आणि पाण्याचा ग्लास हातात घेईन.’ ‘दुसऱ्यांदा आग्रह झाला, तर मी फोन आल्याचे सांगून बाहेर पडेन आणि अमुक व्यक्तीला फोन लावेन.’ कारणे देऊ नयेत, तत्त्वज्ञान सांगू नये. आग्रह करणाऱ्याला प्रत्येक कारणावर उत्तर सुचते. हातात आधीपासून दुसरे पेय असले की आग्रहही कमी होतो, हा साधा अनुभव आहे.

तलफ आलीच तर

आधी जागा सोडावी. विचार बदलण्याचा प्रयत्न नंतर करावा, पाय आधी हलवावेत, कारण खुणेसमोर उभे राहून खुणेशी वाद घालणे म्हणजे ढिल्या पडलेल्या प्रीफ्रंटल भागावर सगळी भिस्त ठेवणे होय. बाहेर पडावे, गच्चीवर जावे, शेजाऱ्याकडे बसावे. मग घड्याळाकडे पाहावे. तलफ सतत चढत जाईल अशी भीती असते, पण ती बहुधा वाढते, शिखराला पोहोचते आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. स्वतःच्या वहीतील ओसरल्याच्या वेळा पाहिल्या की हे कोणाच्या सांगण्यावर विसंबून मानावे लागत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी शिकवलेली पद्धत अशी की, तलफ दाबू नये आणि तिच्या मागेही जाऊ नये. ती शरीरात नेमकी कुठे जाणवते, घशात, छातीत की जबड्यात, आणि ती कशी बदलते आहे, एवढेच श्वास घेत पाहत राहावे. अनेकांना हे पहिल्या वेळी जमत नाही. म्हणून तलफ सौम्य, म्हणजे तीन-चार असताना सराव करावा.

टाळणे किती काळ?

आयुष्यभर प्रत्येक जागा टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण टाळलेल्या जागेत नवे शिक्षण होतच नाही. उपचार करणाऱ्याच्या खोलीत दारूच्या खुणा दाखवून तलफ विझवण्याचे प्रयोग झाले, पण त्यांचा प्रत्यक्ष आयुष्यातील फायदा भरवशाचा ठरला नाही. ते शिक्षण त्या खोलीतच राहिले असावे, असे बाउटन यांच्या निष्कर्षांवरून वाटते. तेव्हा जिथे जगायचे आहे तिथेच दारूविना वावरण्याचा सराव करावा लागतो. काही महिने स्थिर गेल्यावर, शक्यतो समुपदेशकाशी बोलून, सर्वांत सौम्य जागेपासून सुरुवात करावी: दिवसाउजेडी, न पिणाऱ्या सोबत्यासह, पोटभर जेवून, परतण्याची वेळ आधी ठरवून. तीच जागा पुढे वेगळ्या वेळी, वेगळ्या मनःस्थितीत आणि वेगळ्या माणसासोबत पुन्हा अनुभवावी. विविधता जितकी जास्त, तितके नवे शिक्षण एका चौकटीत अडकून राहत नाही. सरावाच्या वेळी जवळ बाळगलेली एखादी छोटी वस्तू नव्या जागी नव्या शिक्षणाची आठवण करून देऊ शकते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. दारूचा गुत्ता किंवा बार मात्र या सरावात आणू नये. तिथे दारू पिण्याखेरीज काही काम नसते, त्यामुळे ती जागा जिंकून मिळवायचे काहीच नाही.

तलफ फार तीव्र असेल, तर डॉक्टर नाल्ट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे विचारात घेतात. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध घेतल्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, ओकाऱ्या, रक्तदाब घसरणे असा तीव्र त्रास होतो. ते माणसाला न सांगता जेवणात मिसळण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो, तो कदापि करू नये.

पुन्हा घेतली गेली तर

‘एक घेतलीच, आता सगळे संपले’ ही भावना त्या एका पेल्यापेक्षा अधिक नुकसान करते, असे मारलॅट यांचे निरीक्षण होते. एका घोटाने विझलेली तलफ पुन्हा पेटू शकते हे खरे आहे, म्हणून पेला तिथेच ठेवून जागा सोडावी आणि कोणाला तरी त्याच दिवशी सांगावे. दुसऱ्या दिवशी वही उघडून आधीच्या दोन-तीन तासांची साखळी लिहावी; त्यात बहुतेकदा नोंदीतून सुटलेली एखादी खूण सापडते. बराच काळ बंद असल्याने सहनशक्ती घटलेली असते, त्यामुळे पूर्वीच्या मापाने पिणे धोक्याचे ठरते. पिणे अनेक दिवस चालले असेल, तर पुन्हा स्वतःहून एकाएकी बंद न करता डॉक्टरांकडे जावे.

घरच्यांसाठीही एक गोष्ट याच नियमात बसते. दारात उभे राहून तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, ठरावीक वेळी ठरावीक शब्दांत जुनी भांडणे उकरणे, हे वर्षानुवर्षे पिण्याच्या आधी किंवा नंतर घडत आलेले असते, म्हणजे तेही खुणांच्या यादीतच मोडते. संशय आला तर तो दारात न मांडता, आधी ठरवलेल्या वेळी आणि दुसऱ्या खोलीत, समोरासमोर बसून विचारावा. तपासणी हवीच असेल, तर ती कशी आणि कधी करायची हे माणूस शुद्धीवर आणि शांत असताना दोघांनी मिळून ठरवावे आणि शक्य तर डॉक्टरांकडे सोपवावे.